हवालदारांचं नाक

पाचगणीच्या घाटाकडे निघालेले जुन्या मोटरसायकलींवाले अजूनही माझ्या दुकानापुढे थांबतात. हेल्मेट काढून शेजारच्या शेडकडे बघतात. तिथे आता स्ट्रॉबेरी क्रीमचा स्टॉल आहे, त्यामुळे पत्ता चुकल्यासारखे गोंधळतात. मग मला विचारतात, "ताई, इथे हवालदार असायचे ना? कार्बोरेटरवाले?" मी म्हणते, "सांगलीला गेले, लेकीकडे." ते "अच्छा" म्हणतात, झेरॉक्सच्या मशीनकडे उगाच एक नजर टाकतात आणि निघून जातात. हवालदार गेल्या पावसाळ्यात वारले, हे मी त्यांना सांगत नाही. या लोकांना आपापसातली सगळी खबर असते. एकाला सांगितलं की सगळ्यांना कळेल आणि मग कुणी विचारायलाही थांबणार नाही. अधूनमधून कुणीतरी त्यांचं नाव घ्यावं असं मला वाटतं. यात शहाणपणा नाही हे मलाही कळतं.

वाईत माझं स्टेशनरीचं दुकान आणि त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. नाव बिरू, पण त्या नावाने हाक मारणारं कुणी गावात नव्हतं. सैन्याच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची उभी नोकरी सरली आणि हवालदार हीच त्यांची ओळख होऊन बसली. मूळचे कवठे महांकाळकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. बायकोचं माहेर वाईजवळचं. तिच्या आग्रहाखातर पेन्शन घेऊन इकडे आले, शेड उभी केली आणि पुरतं वर्षही झालं नाही तोवर बायको गेली. परत गावी का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तिकडं भाऊ हाय, त्याची पोरं हायती. मला बघून उठून उभी ऱ्हात्यात. पावण्यावानी वाटतं." मग इथे तरी काय वेगळं होतं? वाईची माणसं बोलायला गोड आणि उंबऱ्याच्या आत घ्यायला सावकाश. मी वाईचीच आहे, त्यामुळे हे बोलायचा मला हक्क आहे.

मी त्यांना मामा म्हणायचे. चिडवायचं असलं की हवालदार.

त्यांचं काम एकच, पण त्यासाठी पुण्यापासून लोक यायचे. जुन्या बुलेट, राजदूत, कुणाच्या आजोबांची गंजलेली कुठली तरी विलायती गाडी. तिचा कार्बोरेटर सुटा करायचा, धुवायचा आणि पेट्रोल जिथून जिथून जातं तो प्रत्येक सांधा पुन्हा असा बसवायचा की थेंब म्हणून बाहेर येता कामा नये. टाकीखालचा कॉक, त्यातली बुचाची गोल चकती, नळीचा पितळी आटा, तांब्याचा वायसर, म्हणजे वॉशर. हे सगळं धुऊन ते जुन्या पटक्याच्या तुकड्यावर उन्हात मांडून ठेवायचे. तांब्याचा वायसर पुन्हा वापरायचा असेल तर छोट्या बत्तीवर लाल करून पाण्यात सोडायचे. मऊ पडतो म्हणे. पितळेचं तोंड काचेवर पॉलिश पेपर ठेवून इतकं घासायचे की त्यात स्वतःची मिशी दिसावी. सांध्यावर कसला लेप थापलेला दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. "गळतंय तिथं चिखल लावला," म्हणायचे. "घर हाय का गाडी हाय ही?" नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप कुणी पेट्रोलच्या आट्यावर लावून आणली, तर गाडी घ्यायच्या आधी त्याला बाकावर बसवून सुनवायचे. त्या टेपचा दोरा सुटतो, आत जेटच्या बारीक भोकात जाऊन बसतो आणि भर घाटात गाडी बंद पडते. गिऱ्हाईक ओशाळायचं. मग हवालदारच त्याला चहा पाजायचे.

आणि शेवटची परीक्षा चिंध्यांची. गाडी जोडून, टाकीत पेट्रोल घालून प्रत्येक सांध्यावर ते धुवट मलमलची एक चिंधी बांधायचे, बोटाला पट्टी बांधतात तशी. मग गाडीला हात न लावता बाहेर येऊन बसायचे. चांगला अर्धा दिवस गेला की एकेक चिंधी सोडायची, नाकाशी न्यायची. पेट्रोल जरासं झिरपलं तर डोळ्यांना दिसत नाही, उडून जातं, पण कापडात वास राहतो. कुठल्या चिंधीला वास, त्यावरून कुठला सांधा कच्चा ते ठरायचं. चिंध्या कोरड्या ठरल्याशिवाय शेडमध्ये बत्ती पेटायची नाही, हा कडक नियम.

या नाकासाठी माणूस व्रतस्थ राहायचा. तंबाखू नाही, विडी नाही, उदबत्तीसुद्धा नाही. बायकोच्या फोटोला नुसतं फूल. एकदा भर दुपारी ते माझ्या दुकानात आले आणि काउंटरपाशी न थांबता थेट मागच्या खोलीत शिरले. मी तोंड उघडणार तोवर त्यांनी सिलिंडरचा कॉक बंद केला होता. "ताई, रेग्युलेटर बदला," म्हणाले. "कवापासनं वास येतुया मला तिकडं." मधे वीटकामाची भिंत होती. मला तिथेच उभं राहूनही कसला वास आला नव्हता.

पुढे पेट्रोलच बदललं. उसापासून केलेला अल्कोहोल त्यात मिसळायला लागले आणि जुन्या गाड्यांची रबरं फुगायला लागली, बुचांवरचा मुलामा विरघळायला लागला. हवालदारांचं काम वाढलं. भुईंजकडचा एक बागायतदार बुलेट घेऊन आला होता, तो मिशीवर हात फिरवत म्हणाला, "हवालदार, आमच्या उसावर तुमचा धंदा चाललाय म्हणायचा."

हवालदार खाली मान घालून काम करत म्हणाले, "आमच्याकडं मेंढरास्नी प्यायला पानी नव्हतं. आन् तुमी गाडीला उसाचा रस पाजताय. चालू द्या."

बागायतदार हसला. हवालदार हसले नाहीत. त्यांनी बुचं सोडून नव्या जातीच्या तपकिरी रबरी रिंगा मागवल्या, त्या बसतील असे जुने कॉक कोरून घेतले, आणि महिनाभर आनंदात होते. नवं काही शिकायला मिळालं की त्यांचा चेहरा उजळायचा. ते ऐकायला कोण, तर मीच. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण मी वह्यांचे गठ्ठे सोडता सोडता हूं म्हणायचे.

गिऱ्हाइकं त्यांच्यावर एकाच गोष्टीसाठी वैतागायची. गाडी तयार झाली तरी ते देत नसत. "अजून बगायचंय," म्हणून ठेवून घ्यायचे. मलाही आधी वाटायचं, कामाचा चोखपणा. मग एकदा सलग सगळ्या गाड्या गेल्या आणि शेड रिकामी झाली. त्या दिवशी त्यांनी आधीच लखलखीत असलेले पाने पुन्हा पुसले, झाडून काढलं, परत झाडून काढलं आणि दुपारी माझ्याकडे येऊन एक खोडरबर घेऊन गेले. खोडरबर! त्या माणसाने आयुष्यात पेन्सिल धरल्याचं मी पाहिलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की गाडी उभी असली की त्यांच्याकडे कुणीतरी वस्तीला असल्यासारखं असायचं.

दर रविवारी लेकीचा फोन यायचा. सुनंदा सांगलीला असते. फोन आटोपला की ते माझ्याकडे यायचे आणि काय काय बोलणं झालं ते सांगायचे. भिंत एकच असल्याने फोन किती वेळ चालतो ते मला ऐकू यायचं. ते सांगायला त्याच्या दुप्पट वेळ लागायचा. नातवाने काय म्हटलं, जावयाने काय म्हटलं. शेवटी हमखास, "या म्हनती तिकडं. कायमचं." आणि जरा थांबून, "हात चालतुया तवर न्हाई जायाचं. तिथं जाऊन काय गॅलरीत बसू?" शेड हेच त्यांचं घर होतं. ती सुटली तर आपण कुणाच्या तरी घरातला एक कोपरा होणार, एवढी एकच भीती त्या माणसाला होती.

मग त्यांना ताप आला. अंगावर काढला, मीच डॉक्टरकडे घेऊन गेले. बरे झाले. पुन्हा शेड उघडली तेव्हा त्यांनी मला चहाला बोलावलं. चहा तोंडाजवळ नेला तर दूध नासलेलं. आंबट वास भपकन आला. मी बघते तर हवालदार तोच चहा फुंकर मारून पीत होते, घोट घोट, मजेत. मी माझा कप तसाच खाली ठेवला. "का वो? ग्वाड झाला का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो मामा, जरा गोड झालाय."

दोन-चार दिवसांनी ते चिंध्या घेऊन माझ्या काउंटरपाशी आले. "ताई, जरा वास घ्या की ह्येचा. सकाळधरनं पेट्रोलात हात हायती, माझ्याच हाताचा वास येतुया." मी घेतला. एका चिंधीला होता, ते सांगितलं. परत गेले, सांधा खोलून बसवला. पुढल्या वेळी नाकाला मलम लावलं होतं. त्याच्या पुढल्या वेळी सर्दी. मग कुठल्या तरी तेलाचा डबा सांडला होता. दर वेळी नवं कारण, आणि दर वेळी माझं "आणा इकडे". शेवटी कारणं संपली. मग ते नुसते येऊन चिंध्या काउंटरवर ओळीने मांडायचे आणि रस्त्याकडे बघत उभे राहायचे. डावीकडून पहिली टाकीची, मग कॉकची, मग नळीची. मी वास घ्यायचे आणि कच्ची असेल ती बाजूला सारायचे. आमच्यात त्यावर एक शब्द कधी झाला नाही. चिंध्यांना माझं हो मिळाल्याशिवाय बत्ती पेटायची नाही, एवढं मात्र ते पाळायचे. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. माझ्याही दुकानात सबंध दुपार कुणी फिरकत नाही.

असं बरंच चाललं. कुणाला कळलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एके दिवशी सुनंदा आली, न कळवता. नेहमीसारखं "चला तिकडे" सांगायला आली होती. शेडमध्ये बसायला जागा नसते म्हणून ती माझ्या दुकानाबाहेर स्टूल घेऊन बसली, मीही तिच्याजवळ बसले. आमच्या गप्पा सुरू झाल्या. शेजारी शेडचा दरवाजा उघडा, तिथून हवालदार आम्हाला दिसत होते. एक बुलेट जोडून तयार होती, तिला चिंध्या बांधलेल्या होत्या. दुपार कलली. चिंध्या सोडायची वेळ झाली.

त्यांनी त्या सोडल्या. हातात घेतल्या. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शेजारी बसलेल्या लेकीकडे बघितलं. आणि इकडे न येता तिथेच उभे राहून त्यांनी पहिली चिंधी नाकाशी नेली. डोळे मिटून, पूर्वीसारखा मोठा श्वास घेतला. मान हलवली. दुसरी घेतली. सुनंदा कौतुकाने मला म्हणाली, "आबांचं नाक बघा. आईला म्हणायचे, तू फोडणीला मोहरी घातलीस का जिरं, ते मी रस्त्यावरनं सांगतो." मी हसले असेन. तिसरी, चौथी. "कोरडं हाय सगळं," ते मोठ्याने म्हणाले, आमच्यासाठी. मग चिंध्या बाकावर ठेवून त्यांनी दुसऱ्या कामातला तांब्याचा वायसर चिमट्यात धरला आणि बत्ती पुढे ओढली.

त्या शेडला पेट्रोलचा वास कायमच असायचा, म्हणून सुनंदाला काही वेगळं वाटलं नाही. पण मी इतके दिवस तो वास हुंगत होते. हा रोजचा नव्हता. ओला, ताजा, जमिनीवरून येणारा. गाडीखाली अंथरलेलं पोतं काळं दिसत होतं. हवालदारांनी काडीपेटी उघडली.

मला विचार करायला वेळ नव्हता, असं म्हणणं सोपं आहे. पण होता. तेवढ्यातही माझ्या मनात आलं, की लेकीच्या देखत हे कसं बोलू? मग मी पळाले. शेडच्या दारातून म्हटलं, "मामा, काडी ओढू नका."

ते थांबले. काडी पेटीला टेकलेली होती. त्यांनी पोत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. काडी परत पेटीत ठेवली, पेटी खिशात ठेवली आणि खिशावर हात तसाच ठेवून उभे राहिले. कॉकच्या मागून नळीवरून थेंब ओघळत होते. पोतं चिंब झालं होतं.

सुनंदा माझ्या मागोमाग आली होती. तिने बाकावरच्या चिंध्यांतली एक उचलली, वाकून त्या पोत्यात बुडवली. "आबा, डोळे मिटा," म्हणाली. त्यांनी मिटले. सैन्यातला माणूस, हुकूम ऐकायची सवय. तिने ती चिंधी त्यांच्या नाकाखाली धरली. मला दारात उभं राहूनही डोळ्यांत झोंबत होतं.

"सांगा," ती म्हणाली.

हवालदारांनी श्वास घेतला. खूप वेळ घेतला. मग त्यांनी डोळे मिटलेल्या अवस्थेतच मान माझ्या दिशेने वळवली, मी काही सांगेन म्हणून. मी सुनंदाकडे बघितलं.

"कोरडी हाय," ते म्हणाले.

सुनंदा तिथेच, त्या पोत्याशेजारी खाली बसली आणि रडायला लागली. ते डोळे उघडून तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "रडू नगं. येतो मी तिकडं." एवढंच. वाद नाही, कारण नाही. मी त्यांना इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हा आम्ही दोघी त्यांच्याजवळ होतो.

शेड आवरायला आठवडा लागला. गाड्या ज्याच्या त्याला गेल्या, या वेळी कुणालाही थांबवून न घेता. बुलेटचा कॉक त्यांनी पुन्हा बसवला, चिंध्या बांधल्या, माझ्याकडे आणल्या. सगळ्या कोरड्या होत्या. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "त्या दिवशी तुमाला इचारायला पायजे हुतं, ताई. पोरीम्होरं लाज वाटली." मी म्हटलं, "असू दे हो मामा." यापेक्षा बरं काही मला सुचायला हवं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मावशीला दवाखान्यात भेटायला मिरजेला गेले होते, तेव्हा सांगलीत उतरून त्यांच्याकडे गेले. सुनंदाचं घर मार्केट यार्डाच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. रिक्षातून उतरले आणि हळदीच्या वासाने माझा श्वासच भरून गेला. हळदीचे दिवस होते, पोत्यांच्या थप्प्या, हवासुद्धा पिवळी वाटत होती. सुनंदाने दार उघडलं. हवालदार गॅलरीत खुर्चीवर बसले होते. पांढरा सदरा, नखं स्वच्छ. त्यांची नखं स्वच्छ असलेली मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला ती आवडली नाहीत.

सुनंदा फार प्रेमाने करत होती त्यांचं, हे सांगायला हवं. नातू येऊन मांडीवर बसत होता, जावई आदराने बोलत होता. कशात काही उणं नव्हतं. मी वाईच्या बातम्या सांगितल्या, कोण गिऱ्हाईक विचारत होतं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. सुनंदा आत चहाला गेली तसे ते माझ्याकडे वाकले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "ताई, एक इचारू? ही सगळी म्हनत्यात, हितं हळदीचा लय वास येतो. खरं येतो का?"

मी म्हटलं, "येतो मामा."

"कसा येतो?"

मी गॅलरीच्या कठड्याशी उभी राहिले. म्हटलं, "आधी गरम मातीसारखा येतो. मग जरा कडवट. लग्नघरात हळद लागते त्या दिवशी असतो ना, तसा, पण सुका. घशात मागे जाऊन बसतो." ते डोळे मिटून ऐकत होते. "वारं तिकडून आलं की जास्त येतो," मी म्हटलं. "आत्ता आला बघा."

"आत्ता?"

"आत्ता."

त्यांनी श्वास घेतला. सुनंदा चहा घेऊन आली तशी त्यांनी डोळे उघडले आणि आम्ही पावसाबद्दल बोलायला लागलो.

निघताना ते जिन्यापर्यंत आले, खाली आले नाहीत. मी रस्ता ओलांडून रिक्षात बसले आणि वर बघितलं. हात हलवावा म्हणून बघितलं होतं. हवालदार गॅलरीत कठड्याला धरून उभे होते, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. यार्डाकडून वारं आलं होतं. त्यांनी मान वर केली, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. थांबले. मग पुन्हा घेतला.